मृत्युपत्र न करता मयत

“‘प्रेमापोटी’ घालू की ‘मायेपोटी’?” चौगुलेनं कीबोर्डवरचे हात न उचलता विचारलं.

“फरक काय पडतो?”

“काही नाही, साहेब. पण बहिणी असल्या की मी मायेपोटीच घालतो. त्यांना ऐकताना बरं वाटतं. भाऊ-भाऊ असले की प्रेमापोटी.”

“मायेपोटी घाला,” मी म्हणालो. अशा रीतीनं माझ्या बहिणीची माझ्यावरची माया सकाळी साडेदहाच्या सुमारास, तिच्या गैरहजेरीत, चौगुलेच्या कॉम्प्युटरवर नक्की झाली.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. देवळशासारख्या तालुक्याच्या गावात जमीनजुमल्याचे दस्त नोंदवायची कचेरी असते आणि त्या कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये दस्त लिहून देणारे बसतात. चौगुले त्यांतला सगळ्यात जलद. खरेदीखत, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र, सगळं त्याच्याकडे तयार असे. फक्त नावं बदलायची. मी त्याला हक्कसोडपत्र सांगितलं होतं. म्हणजे असं, की बाबांच्या माघारी त्यांच्या घरात माझ्या बहिणीचा, इंदूचा, जो निम्मा वाटा होता तो तिनं माझ्यासाठी सोडून द्यायचा. मायेपोटी.

मी तेव्हा पुण्यात एका मोठ्या कंपनीत कर्मचारी विभागाचा मॅनेजर होतो. लोकांना राजीनामा द्यायला लावणं आणि तो त्यांनी स्वतःहून दिलाय असं त्यांनाच पटवणं, हे माझं काम. त्यात माझा हात धरणारा कंपनीत कुणी नव्हता. तेव्हा धाकट्या बहिणीची एक सही घेणं मला फार अवघड जाईल असं वाटण्याचं काही कारण नव्हतं.

आणि माझी बाजू अगदी रास्त होती. घर जुनं झालेलं. समोरचा रस्ता रुंद झालेला. एक बिल्डर स्वतः पुण्याला येऊन, माझ्या दिवाणखान्यात बसून, माझ्या बायकोच्या हातच्या पोह्यांची तारीफ करून गेला होता. तिथं चार मजली इमारत उभी राहणार होती. इंदूला त्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या द्यायचं मी मनाशी ठरवलेलं होतं. कागदावर ते कुठं नव्हतं, पण सख्ख्या भावाकडे कागद कोण मागतो?

इंदू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. लग्न होऊन साताऱ्याला गेली आणि दीड वर्षानं एक ट्रंक घेऊन परत आली. का आली ते बाबांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला ऑफिसात काम होतं. पुढे ती गावातल्या मुलींच्या शाळेत कारकून म्हणून लागली. आई गेली, मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. सात वर्षं बाबा अंथरुणावर होते आणि सात वर्षं इंदू शाळा सुटली की धावत घरी येत होती. मीही माझ्या परीनं करत होतोच. दर दिवाळीला सहकुटुंब जाऊन काजूकतलीचा डबा देत होतो. शेजाऱ्यांना तो दिसेल अशा बेतानं रिक्षातून उतरत होतो.

अकरा वाजता ती आली. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून. बरोबर कणसेकाका. कणसेकाका म्हणजे बाबांच्या मोजणी खात्यातले सोबती. बाबा भूकरमापक, लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजणारे, आणि कणसेकाका त्यांची साखळी धरणारे. तीस वर्षं दोघांनी मिळून तालुक्यातले बांध मोजले. काका आता ऐंशीला टेकले होते, डोळ्यांवर जाड भिंगं, पण टोपी कडक इस्त्रीची.

साक्षीदार दोन लागतात. एक चौगुलेनं पुरवला होता. शेडमध्ये दिवसभर बसून साक्षी देणं हाच त्या माणसाचा धंदा. दुसरा घरच्या ओळखीतला असावा, असं इंदूनंच फोनवर सुचवलं होतं. “मी कणसेकाकांना घेऊन येते,” ती म्हणाली होती. मला बरंच वाटलं. वडीलधारा माणूस साक्षीला असला की शोभा येते.

“काय मुकुंदा, जाड झालास,” काका म्हणाले.

“बैठं काम आहे, काका.”

“चांगलं आहे. वामनला कौतुक होतं तुझं. शेतात जेवायला बसलो की पहिला घास घ्यायच्या आधी तुझं नाव.”

मी नम्रपणे हसलो. या हसण्याचा मला कामात चांगला सराव होता. बायकोनं दिलेली साडीची पिशवी मी इंदूच्या हातात ठेवली. हक्कसोडपत्राच्या दिवशी बहिणीला साडी देतात. ही पद्धत कुणी पाडली ठाऊक नाही, पण तो माणूस हिशेबी असला पाहिजे. इंदूनं पिशवीत डोकावून पाहिलं, “रंग छान आहे” म्हणाली आणि पिशवी बाकावर ठेवली.

“वाचून दाखवू का, ताई?” चौगुलेनं विचारलं. हा प्रश्न तो ‘नको’ ऐकण्यासाठी विचारत असे.

“दाखवा,” इंदू म्हणाली.

चौगुलेनं माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. मग तो वाचायला लागला, शाळेत प्रार्थना म्हणतात तसा, एका सुरात. लिहून देणार इंदुमती वामन हसबे, वय सत्तेचाळीस, धंदा नोकरी. लिहून घेणार मुकुंद वामन हसबे, वय एक्कावन्न. कारणे हक्कसोडपत्र लिहून देते ऐसा जे की, खाली वर्णन केलेली मिळकत आमचे वडील कै. वामन कृष्णा हसबे यांच्या मालकीची असून ते अमुक तारखेस मृत्युपत्र न करता मयत झाले आहेत. त्यांच्या पश्चात आम्ही दोघेच वारस. सबब मी माझा अविभक्त हिस्सा बंधूविषयीच्या मायेपोटी, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता व अक्कलहुशारीने कायमचा सोडून देत आहे. यापुढे सदर घरावर माझा अथवा माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहिलेला नाही.

“आणि कै. सखाराम यांच्या विहिरीच्या पाळीपाळीनं पाणी घेण्याच्या…” चौगुले थांबला. “हे आधीच्या पार्टीचं राहिलं वाटतं.”

“आम्हाला विहीर नाही,” इंदू म्हणाली.

“काढतो. दोन मिनिटं. पान पुन्हा छापावं लागेल.”

प्रिंटरमध्ये कागद अडकला. दोन मिनिटांची वीस झाली. चहा आला. कणसेकाकांना डोळे तपासायला दुपारच्या गाडीनं कऱ्हाडला जायचं होतं, त्यामुळे ते घाईत होते. “शेवटचं पान तर तेच राहणार ना? मग माझी सही घेऊन टाका,” ते म्हणाले. साक्षीदारानं आधी सही करायची नसते; आधी लिहून देणारा करतो आणि साक्षीदार ते बघतो, म्हणून तर तो साक्षीदार. पण चौगुलेच्या शेडमध्ये इतकं बारकाईनं कुणी पाहत नसे. त्यानं शेवटचं पान काकांपुढे सरकवलं.

काकांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. कागदाला नाक लागेल इतके वाकले. आधी एक मोठं वेटोळं काढलं, त्यातून तीन टोकदार शेंडे वर गेले, मग शेपटी खाली ओढून तिच्यावर दोन टिंबं दिली. त्यात ना कणसे दिसत होतं ना गणपत.

माझ्या हातातला चहा तिथंच राहिला.

इथं एक किरकोळ बाब सांगायची राहून गेली आहे. बाबांनी मृत्युपत्र केलं होतं.

तेराव्यानंतर मी बाबांची नकाशांची पेटी आवरायला घेतली होती. मुलाचं कर्तव्यच ते. तळाशी खाकी पाकीट निघालं. आत फुलस्केप कागदाची दोन पानं, बाबांच्या त्या नकाशावर गावांची नावं लिहायच्या अक्षरात. तारीख झटका येण्याच्या आदल्या वर्षीची. घर इंदूला. पूर्ण घर, अंगणासकट. खाली दोन साक्षीदार. एक डॉक्टर नाडगौडा; ते बाबांच्याही आधी गेले. दुसरी सही कुणाची ते वाचता येत नव्हतं. एक वेटोळं, तीन शेंडे, शेपटीवर दोन टिंबं. मी ती सही कुणा वारलेल्या पोस्टमास्तराच्या नावावर टाकून दिली. वाचता न येणारा माणूस हयात नसणंच मला सोयीचं होतं.

पाकीट मी पुण्याला नेलं. फाडून टाकणं सोपं होतं, पण फाडलं नाही. त्याला मी तेव्हा सचोटी म्हणत असे. घरी ठेवलं तर बायकोच्या हाती लागेल, म्हणून ते आठ महिने माझ्या ऑफिसच्या बॅगेत आतल्या कप्प्यात हिंडत होतं. त्या सकाळीही ती बॅग माझ्या मांडीवरच होती.

काकांनी पेनाला टोपण लावलं, भिंगांतून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे त्या काचांमागे इतके मोठे दिसत, की त्यांत काय आहे ते कळत नसे.

“झालं माझं काम,” ते म्हणाले. पण उठले नाहीत.

नवं पान आलं. विहीर गेली होती. चौगुलेनं इंदूसमोर सगळा गठ्ठा ठेवला आणि प्रत्येक पानावर कुठं सही करायची तिथं पेन्सिलनं फुली मारली. इंदूनं पेन हातात घेतलं. पहिल्या पानावर तिनं बोट फिरवत फिरवत एक ओळ शोधली.

“दादा,” ती म्हणाली, “इथं लिहिलंय, ‘मृत्युपत्र न करता मयत झाले’. हे असंच आहे ना?”

“ती लिहायची पद्धत असते, इंदू.”

“पद्धत असेल. पण खरं आहे का?”

शेडमध्ये दुसऱ्या टेबलावर कुणाच्या तरी वाटणीवरून आवाज चढला होता. चौगुले प्रिंटरमधून चुरगळलेला कागद ओढत होता. कणसेकाका आपली टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्या घडीवर नख फिरवत होते.

मी हिशोब केला. मला वाटतं, त्या तीन-चार सेकंदांत माणूस जितका विचार करू शकतो तितका सगळा मी केला. काकांना आठवत असेल का? आठवत असतं तर बोलले असते. ऐंशी वर्षांचा माणूस. आठ-नऊ वर्षांपूर्वीची एक सही, अशा त्यांनी शंभर ठिकाणी केल्या असतील. कागद माझ्याकडे. नोंदणी झालेली नाही. आणि आता ‘मृत्युपत्र आहे’ म्हणायचं तर आठ महिन्यांचं काय सांगायचं? तेराव्यापासून आतापर्यंतच्या प्रत्येक फोनचं काय सांगायचं? प्रत्येक फोनमध्ये मी तिला म्हणालो होतो, बाबांनी काही लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, ही यातायात वाचली असती.

“खरं आहे,” मी म्हणालो. “बाबांनी काही केलं नव्हतं.”

इंदूनं पेनाला टोपण लावलं. ते नीट, चौगुलेच्या टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं.

“मग मी सही करत नाही,” ती म्हणाली.

चौगुलेनं मान वर केली. असं त्याच्या शेडमध्ये क्वचितच होत असावं. “ताई, काही शब्द बदलायचे आहेत का? ‘माये’ऐवजी ‘प्रेमा’—”

“शब्द चांगले आहेत तुमचे.”

“इंदू, असं काय करतेस?” मी आवाज खाली आणला. कंपनीत कुणी राजीनाम्याच्या ऐन वेळी अडलं की मी असाच आवाज खाली आणत असे. “आपलं सगळं बोलणं झालंय. तुला दोन खोल्या—”

“पेटीच्या तळाला खाकी पाकीट होतं,” इंदू म्हणाली. “बाबांनी माझ्यासमोर ठेवलं होतं. तेराव्याला तू पेटी आवरलीस. तू गेल्यावर मी बघितलं, पाकीट नव्हतं.”

मी मांडीवरची बॅग जरा जवळ ओढली.

“मग तेव्हाच का नाही विचारलंस?” मी म्हणालो. त्यातही तिचीच चूक काढायची सोय मला सापडली होती.

“मला वाटलं, सांगशील. दिवाळीला सांगशील. मग वाटलं, फोनवर जमत नसेल, समोर आल्यावर सांगशील. काकांना मुद्दाम आणलं. म्हटलं, ते दिसले की तरी आठवेल.”

कणसेकाका टोपीकडेच बघत होते. “मी म्हणालो होतो हिला,” ते पुटपुटले, “सरळ विचार त्याला, मुकुंदा काही खोटं बोलणार नाही.”

“आणि मी खरं सांगितलं असतं तर?” मी इंदूला विचारलं.

“तर केली असती.”

“काय?”

“सही. पाचही पानांवर.” तिनं साडीची पिशवी उचलून माझ्या मांडीवरच्या बॅगेवर ठेवली. “तू म्हणाला असतास, आहे मृत्युपत्र, घर तुझं आहे, पण मला हवंय, तर मी दिलं असतं. मी तशीच आले होते घरून. माझी रजासुद्धा नोंदणीला वेळ लागेल म्हणून पूर्ण दुपारची आहे.”

मला वाटतं चौगुलेनं हे सगळं ऐकलं. पण तो अनुभवी होता. त्यानं हळूच कागद गोळा केले आणि म्हणाला, “साहेब, मजकूर कॉम्प्युटरमध्ये राहील. पुन्हा लागला तर नुसतं नाव सांगा.”

कणसेकाकांना आम्ही कऱ्हाडच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून माझ्या खांद्यावर हात ठेवला, समजूत घातल्यासारखा. एखादा दणका दिला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

पुढचं सगळं रीतसर झालं, तेही सांगून टाकतो. मृत्युपत्र मी इंदूला दिलं. दोन महिन्यांनी काकांनी साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्र केलं, मीही माझी काही हरकत नसल्याचं लिहून दिलं, आणि नगरपालिकेत घर तिच्या नावावर लागलं. बिल्डर मला पुन्हा भेटला नाही. पोह्यांचंही त्याला नंतर काही वाटेनासं झालं. इंदू त्या घरात अजून राहते. निवृत्तीनंतर तिनं पुढच्या खोलीत शाळेतल्या मुलींसाठी अभ्यासिका काढली आहे, तिथं फी घेत नाही, त्यामुळे गर्दी असते. माझ्याशी ती बोलते. सणाला बोलावते. माझ्या बायकोला हा सगळा प्रकार आजही ठाऊक नाही. तिला वाटतं, मी मोठ्या मनानं बहिणीला घर सोडलं, आणि नातेवाइकांत ती तसंच सांगते. मी खोडून काढत नाही. तिथं मी नम्रपणे हसतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी काकांची गाडी गेल्यावर मला वाटलं, इंदू घरी जाईल आणि मी पुण्याची गाडी धरीन. ती म्हणाली, “जेवून जा. सकाळीच करून ठेवलंय.”

वांग्याची भाजी होती, मुगाची आमटी होती. ती मला वाढत होती आणि मी जेवत होतो. घास घशाखाली उतरत नव्हता असं म्हणायला बरं दिसेल, पण मला भूक लागली होती आणि मी नेहमीइतकंच जेवलो. हात धुतल्यावर बॅग उघडली, आतल्या कप्प्यातून पाकीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

तिनं ते घेतलं नाही. “वाचून दाखव,” ती म्हणाली.

“तुला ठाऊकच आहे ना काय आहे ते?”

“बाबांनी पाकीट दाखवलं होतं, कागद नाही. घर मला ठेवलंय एवढंच म्हणाले होते. बाकीचं, मी गेल्यावर मुकुंद तुला वाचून दाखवील, म्हणाले.”

मी उभा राहून वाचायला लागलो. मी वामन कृष्णा हसबे, पूर्ण शुद्धीत व अक्कलहुशारीने. घराच्या चतुःसीमा बाबांनी मापासकट दिल्या होत्या, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला बोळ; त्या मी सावकाश वाचल्या. घर इंदूला, तेही वाचलं. मग दुसरं पान आलं आणि मी थांबलो. आठ महिन्यांत मी ते पान कितीतरी वेळा वाचलं होतं. ऑफिसात, दार लावून. कायद्याच्या दृष्टीनं त्या मजकुराला काही अर्थ नाही असं माझं मत झालं होतं.

“वाच ना,” इंदू म्हणाली.

“‘माझा मुलगा चिरंजीव मुकुंद यास मी या घरात काही ठेवलेले नाही,’” मी वाचलं. “‘त्याचे चांगले चालले आहे व इंदूला दुसरे छप्पर नाही. हे वाचून त्याला घटकाभर वाईट वाटेल. परंतु तो बहिणीच्या आड येणार नाही, याची मला पूर्ण खात्री आहे. हे मृत्युपत्र नोंदवून ठेवावे असे गणपत कणसे यांनी सुचवले होते. मुकुंद असताना त्याची गरज मला वाटली नाही.’”

इंदू ओट्याला टेकून उभी होती. तिनं पदरानं डोळे वगैरे पुसले नाहीत. “पुढे?” तिनं विचारलं.

पुढे, सह्यांच्या आधी, फक्त तारीख होती. ती मी वाचली.

मग तिनं पाकीट घेतलं, माझं ताट उचललं आणि विचारलं, “तुझी गाडी किती वाजता आहे?”